दूध केंद्राचा कम्प्युटर पहाटे चालू होईना, सल्ला मिळाला ‘फॉरमॅट मारा’... नवं कर्नल टाकल्यावर मशीन नेमकं अडतं कुठे?

पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी मामेभावाचा फोन आला. इतक्या पहाटे नातेवाइकाचा फोन म्हटलं की आधी पोटात गोळाच येतो. धडपडत उचलला, तर पलीकडून रडवेला आवाज, “ताई, कम्प्युटर मेला.”

माणसं सगळी ठीक आहेत हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. त्याचा मात्र टांगणीलाच होता. कारण तासाभरात अर्धं गाव किटल्या आणि कॅन घेऊन दारात उभं राहणार होतं.

आमच्या मामांचं संगमनेर तालुक्यात दूध संकलन केंद्र आहे. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) अशी केंद्रं गावोगाव दिसतात. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध आणतो, काट्यावर वजन होतं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं आणि त्यावर भाव लागतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात. पॉइंट खाली आला की भाव खाली. ही आकडेमोड कम्प्युटर करतो, पावती काढतो, आणि दर दहा दिवसांनी त्याच नोंदींवरून ‘दुधाचा पगार’ निघतो.

त्या दिवशी तारीख होती ११. म्हणजे मागच्या दहा दिवसांचा अख्ख्या गावाचा हिशेब त्या मेलेल्या डब्यात होता.

“बॅकअप?” मी विचारलं. पलीकडे शांतता.

आता तुम्ही म्हणाल, चालू असलेला कम्प्युटर एका रात्रीत मरतो कसा? तर झालं असं होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला. मामांचा कम्प्युटर जुना, त्यावर विंडोज ११ बसेना. मामेभाऊ इंजिनिअरिंगला आहे, त्याने त्यावर लिनक्स टाकलं, दुधाचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅमही स्वतःच लिहिला. इथपर्यंत कौतुकच. पण मग त्याने कुठेतरी एक व्हिडिओ बघितला : ‘स्वतःचं कर्नल कंपाइल करा, जुना पीसी रॉकेटसारखा पळवा’. रात्री ९ ला काम लावलं, पहाटे ३ च्या सुमाराला संपलं, रीस्टार्ट मारला आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं येऊन सगळं थिजलं.

मामांनी तेवढ्यात एका ओळखीच्या रिपेअरवाल्याला उठवलं होतं. त्याचा सल्ला फोनवरच मिळाला. “विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल. दुपारी घेऊन या.”

यातला एकही शब्द बरोबर नव्हता. मशीनवर विंडोज नव्हतंच, आणि फॉरमॅट मारलं असतं तर दहा दिवसांचं दूध खरंच नाल्यात गेलं असतं. हा लेख त्या सल्ल्याच्या विरोधात आहे.

कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे

माझी डिग्री मास कम्युनिकेशनची. कर्नल म्हटलं की मला आधी मिशीवाला अधिकारीच आठवायचा. त्यामुळे मी आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्राला उठवलं, त्याने शिव्या घातल्या आणि मग पुढचा अर्धा तास आम्ही तिघं एका कॉलवर होतो. खाली जे सांगतेय ते त्या अर्ध्या तासात आणि नंतरच्या काही आठवड्यांत शिकलेलं.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमचा ब्राउझर, व्हॉट्सॲप, हिशेबाचा प्रोग्रॅम यांपैकी कुणीही डिस्कला, मेमरीला, कीबोर्डला थेट हात लावत नाही. सगळे कर्नलकडे अर्ज करतात आणि कर्नल काम करून देतं. लिनक्सचं कर्नल फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये विद्यार्थी असताना सुरू केलं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तेच असतं.

त्याचा सोर्स कोड कुणालाही मोफत मिळतो, म्हणजे ते स्वतःच्या गरजेनुसार पुन्हा बांधून घेता येतं. त्याआधी एक यादी भरावी लागते. हजारो पर्याय असतात आणि बहुतेकांना तीन उत्तरं चालतात : हा भाग कर्नलच्या पोटातच घाल, वेगळी फाईल करून बाजूला ठेव आणि लागेल तेव्हा घे, किंवा नकोच. मधल्या प्रकाराला मॉड्युल म्हणतात. घरात गॅस कायम जोडलेला असतो आणि पुरणयंत्र माळ्यावर असतं, तसं.

सगळी गंमत या तीन उत्तरांत आहे. कारण एखादी गोष्ट माळ्यावर ठेवली आणि माळ्यावर चढायची शिडीपण माळ्यावरच ठेवली, तर?

पंपात आधी पाणी ओतावं लागतं

कम्प्युटर चालू करण्याच्या प्रक्रियेला बूट होणं म्हणतात. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो (जुन्या मशीनवर बायोस, नव्यावर यूईएफआय). तो बूटलोडरला उठवतो. लिनक्सवर हा बूटलोडर बहुतेकदा ग्रब नावाचा असतो. ग्रब डिस्कवरून कर्नल उचलून मेमरीत ठेवतो आणि बाजूला होतो. यापुढे सगळं कर्नलच्या हातात.

कर्नलला आता पहिलं काम काय? तर मुख्य विभाग, म्हणजे ज्याला रूट म्हणतात तो, शोधून उघडणं. बाकीची सगळी सिस्टिम तिथे आहे. पण डिस्क वाचायला डिस्कचा ड्रायव्हर लागतो. तो ड्रायव्हर मॉड्युल म्हणून ठेवलेला असेल तर तो कुठे आहे? त्याच डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटात.

विहिरीवरच्या मोटारीचं ज्यांना माहीत आहे त्यांना हे चटकन कळेल. फुटव्हॉल्व्ह गळका असला आणि पाइप रिकामा झाला, तर मोटार नुसती घरघरते. पाणी उपसायचं असेल तर आधी पंपात वरून बादलीभर पाणी ओतावं लागतं, मग ती धरते.

लिनक्समध्ये ही बादली म्हणजे इनिटरॅमएफएस नावाची फाईल. बूट होण्यापुरती एक चिमुकली सिस्टिम, आत अत्यावश्यक मॉड्युल. ग्रब कर्नलच्या जोडीने हीसुद्धा मेमरीत आणून ठेवतो. कर्नल तिच्यातून डिस्कचा ड्रायव्हर काढतं, खरी डिस्क उघडतं, आणि बादली बाजूला ठेवून पुढे जातं.

आमच्या केसमध्ये बादलीच नव्हती.

स्क्रीनवरची शेवटची ओळ

भावाने पाठवलेल्या फोटोत एकच ओळ होती. (मूळ ओळी इंग्रजीत असतात, मी उच्चाराप्रमाणे लिहितेय. आज्ञा टाइप करायच्या झाल्या तर त्या अर्थातच इंग्रजीत.) ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग : व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’.

सामान्य माणूस ‘पॅनिक’ हा शब्द वाचतो आणि स्वतः पॅनिक होतो. पण ही ओळ नीट वाचली तर ती अगदी सरळ सांगतेय : मला रूट विभाग उघडता आला नाही. आणि शेवटचे दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे. कंसात (०,०) आलं, तर कर्नलला डिस्कच दिसलेली नाही. म्हणजे डिस्कचा ड्रायव्हर मिळाला नाही. तिथे (८,१) यासारखं काही असतं, तर अर्थ वेगळा झाला असता. ८ हा लिनक्समध्ये साटा किंवा यूएसबी डिस्कचा क्रमांक, १ म्हणजे तिचा पहिला विभाग. म्हणजे डिस्क दिसली, पण तिच्यावरची फाइलसिस्टिम वाचता येत नाहीये, किंवा चुकीच्या विभागाचं दार ठोठावलं जातंय. एका कंसात निम्मं निदान होतं.

मित्राने भावाला सांगितलं, “अख्ख्या स्क्रीनचा फोटो काढ. फक्त शेवटची ओळ नको.” हे सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण खरं कारण बहुतेक वेळा पॅनिकच्या वरच्या पाच-सात ओळींत असतं. नव्या फोटोत वर लिहिलं होतं की रूटचा पत्ता नीट द्या, उपलब्ध विभाग पुढीलप्रमाणे. आणि त्याखाली काहीच नाही. रिकामी यादी. म्हणजे पक्कं झालं, डिस्क दिसतच नाहीये.

आणि आता त्या फॉरमॅटच्या सल्ल्याकडे बघा. कर्नलने रूट विभाग उघडलेलाच नाही. जो दरवाजा उघडलाच नाही, त्याच्या आतलं सामान हललं कसं असेल? हिशेबाची फाईल होती तिथेच, होती तशीच होती. ‘नॉट सिंकिंग’चा अर्थही असाच काहीसा : गोंधळ झालाय, त्यामुळे अर्धवट काही डिस्कवर लिहायच्या भानगडीत मी पडत नाही.

जुनं कर्नल घरातच होतं

नवं कर्नल टाकलं म्हणून जुनं आपोआप जात नाही. दोन्ही शेजारी-शेजारी असतात, ग्रब फक्त नव्याला आधी उभं करतो.

“मेनू येतोय का स्क्रीनवर?” मित्राने विचारलं.

“येतो, पण त्यात काही नाही.”

येत होता. आणि हा बाबा दर वेळी पहिल्या ओळीवर एंटर मारत होता, म्हणजे दर वेळी त्याच नव्या कर्नलला बोलावत होता. दुसरी ओळ होती ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. तिच्या आत जुनं कर्नल नाव-नंबरासकट बसलेलं होतं. ते निवडलं आणि ५ वाजून ४० मिनिटांनी डेस्कटॉप आला. मामांनी मागून “आलं, आलं!” म्हणून ओरडलेलं मला फोनवर ऐकू आलं. सहाच्या दुधाला पावत्या निघाल्या. त्याआधी मी एकच काम करायला लावलं : हिशेबाची फाईल पेनड्राइव्हवर.

तुमच्या मशीनवर हा मेनू दिसतच नसेल तर जुन्या बायोसवाल्या मशीनवर चालू होताना शिफ्ट धरून ठेवा, नव्या यूईएफआयवर एस्केप दाबा. आणि जुनं कर्नल कुणी हौसेने काढूनच टाकलं असेल तरी फॉरमॅट नाहीच. लिनक्सच्या इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून मशीन चालू करा, डिस्क उघडा, आधी आपला डेटा दुसरीकडे घ्या, आणि मग त्याच पेनड्राइव्हवरून आत शिरून दुरुस्ती करा. याला क्रूट म्हणतात. थोडक्यात, भाड्याच्या घरात राहून स्वतःचं घर दुरुस्त करणं.

मग बादली गेली कुठे?

दुपारी निवांत बसून आम्ही शोधलं. नवं कर्नल बसवताना इनिटरॅमएफएस आपोआप तयार होते. भावाच्या टर्मिनलवरच्या जुन्या ओळी अजून होत्या का? नव्हत्या, रीस्टार्ट झाला होता. म्हणून तीच आज्ञा पुन्हा चालवली, आणि ओळींच्या पुरात मध्येच एक ओळ वाहत गेली : ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. जागा संपली.

त्याने लिनक्स टाकताना कुठल्यातरी जुन्या व्हिडिओत बघून ‘/बूट’साठी वेगळा ५०० एमबीचा विभाग केला होता. कर्नल आणि बादल्या तिथे राहतात. दोन जुनी कर्नलं आधीच होती, आणि नवी बादली आली ती एकटीच काहीशे एमबीची. ती मावली नाही, म्हणून बनलीच नाही. ग्रबने बघितलं, कर्नल आहे, बादली नाही. त्याने मुकाट्याने बादलीशिवायची नोंद करून टाकली. कुणीही खोटं बोललं नव्हतं, चूक सांगणारी ओळ पहाटे तीन वाजता स्क्रीनवरून गेली होती, आणि वाचणारा पेंगत होता.

पण बादली एवढी मोठी का? तर त्याने सिस्टिमबरोबर आलेलीच यादी वापरून कर्नल बांधलं होतं. त्या यादीत डिबगची माहिती चालू असते. चूक शोधणाऱ्या प्रोग्रॅमरसाठी प्रत्येक मॉड्युलच्या पाठीवर बांधलेलं हे गाठोडं. कंपन्या ते सोडवून मग फाइली आपल्याला देतात, घरी बांधताना ते आपल्याला सोडावं लागतं. त्यासाठी मॉड्युल बसवण्याच्या आज्ञेत ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ एवढं जोडायचं. बस. जोडलं, एक जुनं कर्नल काढलं, एक जुनं ठेवलं. बादली आकसली, मावली, आणि नवं कर्नल बूट झालं.

पळत होतं का रॉकेटसारखं? नाही. माझं प्रामाणिक मत विचाराल तर डेस्कवरच्या कम्प्युटरवर कर्नल बदलून वेग वाढतो ही गोष्ट रीलवाल्यांनी फुगवलेली आहे. जुन्या मशीनला खरा वेग हार्डडिस्क काढून एसएसडी बसवल्यावर येतो. कर्नल स्वतः बांधायची खरी कारणं वेगळी असतात : एखादा ड्रायव्हर मुळात दिलेला नसणं, छोट्या उपकरणासाठी हलकी सिस्टिम हवी असणं, किंवा शिकायची हौस. तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं, फक्त ते दूध केंद्राच्या मशीनवर नको.

अहमदनगर, अहिल्यानगर आणि ४१४००१

आमच्या गोष्टीत नव्हती, पण असंख्य लोकांच्या बाबतीत होते अशी दुसरी गडबड पत्त्याची.

ग्रब कर्नलला सांगतो की रूट अमुक विभागात आहे. हा पत्ता दोन प्रकारे देता येतो. एक म्हणजे नाव : ‘/डेव्ह/एसडीए१’, पहिल्या डिस्कचा पहिला विभाग. दुसरा म्हणजे यूयूआयडी, त्या विभागाला कायमचा मिळालेला लांबलचक क्रमांक. नाव भरवशाचं नसतं. एखादी डिस्क जास्त लावली, केबल बदलली, ड्रायव्हर वेगळ्या क्रमाने जागे झाले, की कालचा ‘ए’ आज ‘बी’ होतो.

आपल्याकडेच बघा. २०२४ मध्ये अहमदनगरचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं. पण पाकिटावर ४१४००१ लिहिलंत तर वर काहीही नाव घाला, पत्र शहराच्या मुख्य पोस्टातच येणार. यूयूआयडी म्हणजे हा पिनकोड. (जाता जाता : पिनकोडची पद्धत ज्यांनी बसवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपाल खात्यात अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली.)

पत्ता चुकला असेल तर बहुतेक वेळा काळा पॅनिक येत नाही. उबुंटू-डेबियन घराण्यात एक सूचना येते की अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही, आणि कंसात ‘इनिटरॅमएफएस’ लिहिलेला प्रॉम्प्ट लुकलुकत राहतो. लोक यालाही मेलेला कम्प्युटर समजतात. खरंतर तुम्ही बादलीच्या आत उभे आहात आणि कर्नल विचारतंय, आता तूच सांग कुठे जायचं. तिथे ‘ब्लकआयडी’ टाइप केलं की दिसणाऱ्या विभागांचे पिनकोड कळतात. ‘कॅट /प्रोक/सीएमडीलाइन’ टाइप केलं की ग्रबने कुठला पत्ता दिला होता ते कळतं. दोन्ही ताडून बघायचे. यादीत डिस्कच नसेल, तर पत्ता बरोबर आहे, ड्रायव्हर राहिलाय.

एक बारीक मेख. फाइलसिस्टिमचा हा पिनकोड वाचायची अक्कल कर्नलला स्वतःला नसते, ती बादलीतल्या प्रोग्रॅमला असते. म्हणून बादली न वापरता सगळे ड्रायव्हर कर्नलच्या पोटात घालणारे हौशी लोक यूयूआयडी देतात आणि फसतात. त्यांनी विभागाचा क्रमांक, म्हणजे पार्टयूयूआयडी द्यायचा असतो, तो कर्नलला थेट समजतो.

बाकी दोन प्रकार पटकन सांगते. ‘बॅड शिम सिग्नेचर’ किंवा तत्सम सहीची तक्रार आली तर तो सिक्युअर बूटचा पहारेकरी आहे. घरी बांधलेल्या कर्नलवर ओळखीची सही नसते, म्हणून तो आत सोडत नाही. एक तर स्वतःची सही तयार करून मशीनला ओळख करून द्यायची, नाहीतर सिक्युअर बूट बंद करायचं. त्याच मशीनवर बिटलॉकर लावलेलं विंडोज असेल तर बंद करण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर एक आग विझवताना दुसरी लागेल. आणि स्क्रीन नुसती काळी, एक अक्षर नाही? मग कॅप्स लॉक दाबून बघा. लाइट लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडलाय. ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा, त्याच ओळीतले ‘क्वाएट स्प्लॅश’ हे शब्द काढा म्हणजे मशीन काय बोलतंय ते दिसेल, आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करा.

हे फक्त हौशी पोरांचंच होतं असं नाही

१९ जुलै २०२४, शुक्रवार. त्या दिवशीचे विमानतळांचे फोटो तुम्ही बघितले असतील. भारतात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते, मुंबईसह मोठ्या विमानतळांवर रांगा होत्या. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष अपडेट सोडलं. त्यांचं सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलच्या पातळीवर चालतं, त्यामुळे ते अडखळलं आणि अख्खी विंडोज कोसळली, निळ्या स्क्रीनसकट. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने ते मागे घेतलं. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख मशीन आडवी झाली होती, आणि त्यांतली अनेक पुन्हा-पुन्हा चालू होऊन पुन्हा-पुन्हा पडत होती. जे मशीन नेटपर्यंत पोचतच नाही, त्याला नवं अपडेट देणार कसं?

उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, एका ठरावीक फोल्डरमधली नावात २९१ असलेली फाईल काढा, रीस्टार्ट करा. एकेका मशीनपाशी माणसाने जाऊन. डेटा तिथेही जागच्या जागी होता. ८५ लाख मशीन फॉरमॅट करा असं कुणी म्हटलं नाही.

दुसरा अध्याय, कारण भाऊ तो भाऊच

दोन आठवडे गेले. पहिल्यांदा सहा तास लागले म्हणून या वेळी त्याने शॉर्टकट शोधला : ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’. ही आज्ञा चांगली आहे. आत्ता या क्षणी मशीनवर कुठली मॉड्युल वापरात आहेत ते ती बघते आणि बाकीची यादीतून काढून टाकते. काम तासाभरात होतं. त्याने रविवारी दुपारी, दूध नसताना, कम्प्युटर घरात आणून हे केलं. बूट एकदम झकास. बादलीही इवलीशी.

संध्याकाळी कम्प्युटर केंद्रात नेला, दुधाच्या मशीनची केबल लावली आणि प्रोग्रॅम म्हणाला, मशीन सापडत नाही.

ओळखलंत? दुपारी घरात केबल जोडलेलीच नव्हती. ती केबल यूएसबीवरून सिरिअल बोलणाऱ्या चिपची, तिचा ड्रायव्हर सीएच३४१. आज्ञा चालवली त्या क्षणी तो वापरात नव्हता, म्हणून यादीतून गेला. पंगतीला त्या वेळी जे बसले होते तेवढ्यांचीच पानं मांडली गेली. पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, पुन्हा जुनं कर्नल, पुन्हा पावत्या सुरू. फरक एवढाच की या वेळी त्याने मला फोन केला तो सगळं निस्तरून झाल्यावर, आणि हसत.

म्हणजे हा शॉर्टकट वापरायचाच असेल तर प्रिंटर, केबल, डोंगल, पेनड्राइव्ह, जे कधी ना कधी लागणार आहे ते सगळं आधी जोडा, मग आज्ञा द्या.

त्याने आता आणखी दोन गोष्टी केल्यात, आणि त्या मला खरंच शहाणपणाच्या वाटतात. एक, स्वतःच्या कर्नलला तो वेगळं नाव देतो. यादीत ‘लोकलव्हर्जन’ म्हणून एक रकाना असतो, त्यात तो ‘दूध३’ असं काहीतरी लिहितो. नाव दिलं नाही आणि आवृत्तीचा नंबर जुन्याशी जुळला, तर नवी मॉड्युल जुन्यांच्याच फोल्डरवर जाऊन बसतात, आणि मग ज्या जुन्या कर्नलच्या भरवशावर आपण आहोत तेही जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे ग्रबला तो सांगून ठेवतो की नवं कर्नल फक्त एकदाच वापरून बघ. ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड’ करायचं, नेहमीसाठी जुनं कर्नल निवडून ठेवायचं, आणि रीस्टार्टआधी ‘ग्रब-रीबूट’ या आज्ञेने नव्याला एका फेरीची संधी द्यायची. जोडीला कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=३०’ लिहिलं की पॅनिक आल्यावर मशीन ३० सेकंद थांबून आपणहून रीस्टार्ट होतं आणि जुन्यावर परत येतं. पहाटे कुणी झोपेत असलं तरी.

सध्या मामांच्या केंद्रात सिस्टिमबरोबर आलेलं साधं कर्नल चालतंय. ‘दूध३’ मेनूत दुसऱ्या ओळीच्या आत आहे, ते रविवारी दुपारी बाहेर येतं. रोज रात्री ८ नंतर हिशेबाची फाईल पेनड्राइव्हवर जाते, ते काम मामींनी स्वतःकडे घेतलंय. आणि काट्याशेजारी लाल बांधणीची वही पुन्हा आली आहे, त्यात मामा फॅट, एसएनएफ आणि लिटर बॉलपेनने लिहितात. भावाने विचारलं, याची काय गरज? मामा म्हणाले, “हिला बूट करावं लागत नाही.”